संगणकीय ॲनिमेशनमधील वास्तव आणि बडोद्याचा वारसा

संगणकीय ॲनिमेशनमधील वास्तववादावर निबंध लिहू पाहणारा अभ्यासक बहुधा एकाच मोजपट्टीपाशी येऊन थांबतो: पडद्यावरचे चित्र छायाचित्राच्या किती जवळ पोहोचले आहे. १९९५ च्या ‘टॉय स्टोरी’पासून २०१९ च्या ‘द लायन किंग’पर्यंतचा प्रवास मग तंत्राच्या चढत्या आलेखासारखा मांडला जातो, आणि निबंध माहितीने भरलेला असूनही त्यात वाद घालण्याजोगे काही उरत नाही. काही निवडक गोष्टी खऱ्या वाटाव्यात म्हणून कलावंताने केलेली योजना म्हणजे वास्तववाद, हे मान्य केले, तर वास्तव कशाचे आणि कशासाठी हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. तो विचारायला बडोद्याइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८८८ मध्ये चित्रकार राजा रविवर्मा यांना चौदा पौराणिक चित्रे काढण्यास सांगितले आणि १८९० पर्यंत ती तयार झाली. ‘विश्वामित्र-मेनका’ हे त्यांतलेच चित्र आज महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहे. अप्सरा कोणीही पाहिलेली नाही, त्यामुळे तिची प्रतिमा खरी की खोटी हे पडताळून पाहण्याची सोयच नाही. तरीही अंगावरची कांती, वस्त्राच्या चुण्या आणि दागिन्यांवरची चमक इतकी ओळखीची आहे, की त्या ओळखीच्या आधारावर प्रेक्षक मेनकेलाही मान्य करतो. पडद्यावर ड्रॅगन उभा करणारा कलावंतही हेच करतो: प्राणी कल्पित, पण त्याच्या खवल्यांवरून घसरणारा प्रकाश परिचयाचा.

या दृष्टीने त्वचा हा फार समृद्ध विषय आहे. प्रकाश त्वचेच्या पृष्ठभागावरून सगळाच परावर्तित होत नाही. काही भाग आत शिरतो, विखुरतो आणि थोड्या अंतरावरून बाहेर पडतो. या क्रियेला अंतःपृष्ठीय विकिरण म्हणता येईल. ती हिशेबात न घेतल्यास संगणकावरचे चेहरे प्लॅस्टिकचे दिसतात. हेन्रिक वान येन्सेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिचे व्यवहार्य गणित मांडले, आणि पुढच्याच वर्षी ‘द टू टॉवर्स’मधील गॉलम या संगणकनिर्मित पात्राचा जिवंत वाटणारा चेहरा प्रेक्षकांनी पाहिला. तैलरंगाचे पातळ पारदर्शक थर एकावर एक देण्याच्या पद्धतीतही प्रकाश थरांत शिरूनच परततो, हे साम्य निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

बडोद्यातलाच दुसरा धागा मात्र दिसण्यातल्या साम्याची गरजच नाकारतो. १८९० मध्ये स्थापन झालेल्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला, ज्यात काड्या प्रत्येक चौकटीगणिक किंचित सरकवून त्या आपोआप हलत असल्याचा आभास निर्माण केला होता. काडीला चेहरा नसतो; तिथे विश्वास बसतो तो केवळ गतीवर. जॉन लॅसेटर यांच्या १९८६ च्या ‘लक्झो ज्युनियर’मधले टेबलावरचे दिवेही वजन, थबकणे आणि उसळी यांच्याच बळावर पालक नि लेकरू वाटतात.

रूप आणि गती यांची फारकत झाली की काय होते, हे ‘द पोलर एक्सप्रेस’मध्ये (२००४) दिसते. जवळजवळ माणसासारखी, पण पूर्णपणे तशी नसलेली आकृती अस्वस्थ करते, हे जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच मांडले होते. त्या चित्रपटातील निर्जीव डोळे त्याचे ठळक उदाहरण ठरले. ‘द लायन किंग’मध्ये आयाळीचा केसन् केस खरा आहे, पण खऱ्या सिंहाचा चेहरा शोक दाखवू शकत नाही म्हणून शोकही हरवला. हे तंत्राचे अपयश म्हणता येणार नाही, निवड चुकली.

म्हणून ‘ॲनिमेशनमधील वास्तववाद’ या अवाढव्य शीर्षकापेक्षा ‘मेनका आणि गॉलम: त्वचेचे चित्रण’ हा विषय निबंधाला पेलतो. बडोद्याच्या विद्यार्थ्याने त्यासाठी मूळ कॅनव्हासच पाहायला हवा, कारण रविवर्म्यांच्या घरोघरी पोहोचलेल्या लिथो प्रतींमध्ये कांतीच्या त्याच सूक्ष्म छटा छपाईत सपाट होऊन गेल्या आहेत.