जसेंच्या तसें

चित्र व ध्वनि एकाच फाइलींत नांदत असलीं, म्हणजे तीं एकजीव झालीं आहेत असें सामान्यतः समजतात. वस्तुतः तसें नसतें. एमपी-फोर काय किंवा मात्रोस्का काय, ह्या नुसत्या पेट्या आहेत. (मात्रोस्का हें नांव तर एकीच्या पोटांत दुसरी बसणाऱ्या रशियन लांकडी बाहुलीवरूनच घेतलेलें आहे.) पेटींत चित्राचा प्रवाह निराळा, ध्वनीचा निराळा, कोणत्या क्षणीं कोणता तुकडा पुढें यावयाचा याची नोंद मात्र पेटी ठेविते. तेव्हां नुसता ध्वनि हवा असेल, तर तो उचलून दुसऱ्या पेटींत ठेवितां येतो. फाब्रिस बेलार यांनीं २००० सालीं आरंभिलेल्या एफएफएमपेग या साधनास ‘चित्र वगळ, ध्वनीची नक्कल कर’ एवढी आज्ञा पुरते. तासाभराच्या व्हिडिओसही कांहीं क्षणच लागतात, कारण नव्यानें कांहींच रचावयाचें नसतें.

पुष्कळ लोक मात्र असें न करितां तो ध्वनि उलगडून पुन्हां एमपी-थ्रीमध्यें बांधितात. यांत बिघडलें काय, असें कोणी विचारील. एमपी-थ्री, एएसी इत्यादि पद्धति मनुष्याच्या कानाची दुर्बलता ओळखून रचिलेल्या आहेत. मोठ्या आवाजाच्या छायेंत जो बारीक आवाज ऐकूं येत नाहीं, तो टाकून द्यावयाचा किंवा ओबडधोबड नोंदावयाचा, असा त्यांचा निवाडा असतो. पहिला निवाडा मूळ ध्वनि समोर ठेवून होतो. दुसऱ्या वेळीं मूळ समोर नसतेंच, पहिल्या निवाड्यांतून जें वांचलें त्यावरच पुन्हां कात्री चालते. आणि मौज ही, कीं सेकंदास १२८ किलोबिटांचा ध्वनि ३२० किलोबिटांत बांधून तो ‘सुधारला’ असें समाधान मानणारेही आढळतात! फाइल फुगते, गेलेलें परत येत नाहीं.

येथवर आम्ही नक्कल करणाराच्या बाजूचे आहों. परंतु ‘आपण एक बिटही बदलला नाहीं, म्हणून मुळाशीं प्रामाणिक राहिलों’ हें त्याचें म्हणणें आम्हांस सबंध मान्य करवत नाहीं. जात्यावर बसलेल्या दोन वृद्ध स्त्रियांचा व्हिडिओ घ्या. खुंट्यावर दोघींचे हात. एकीनें ओवी उचलावी, दुसरीनें ती पुढें न्यावी. ध्वनि काढून घेतला कीं ओवी राहते, जात्याची घरघर राहते. पण कोणता चरण कोणीं म्हटला, मध्येंच जी शांतता पडली ती दमल्यामुळें कीं डोळ्यांना पदर लाविल्यामुळें, हें कळण्यास मार्ग उरत नाहीं. शब्दास शब्द उतरून घेणारा लेखनिक प्रश्न गाळून नुसतीं उत्तरेंच सादर करूं लागला, तर त्यास खोटें लिहिलें असें कोणी म्हणणार नाहीं. पण त्याच्या कागदावर विसंबून निकालही कोणी देणार नाहीं.

मग ध्वनि वेगळा काढूंच नये काय? असें म्हणणें अतिरेकाचें होईल. पहांटेच्या अंधारांत अंथरुणावर पडून आईची ओवी ऐकणाऱ्या मुलांनीं तरी आईचें तोंड कोठें पाहिलें होतें? आणि एखादी बाई आवाज देण्यास राजी असते, चेहरा दाखविण्यास नसते. तेथें चित्र गाळणें हेंच तिच्याशीं इमान राखणें होय. एकच क्रिया, तीच आज्ञा. परंतु एकीकडे साक्ष तोडणारी, दुसरीकडे दिलेला शब्द पाळणारी. फरक फाइलींत शोधून सांपडावयाचा नाहीं. आमचा आक्षेप आहे तो पुढच्या कृत्यास: ध्वनि ‘जसाच्या तसा’ मिळाला, आतां जागा कशाला अडवा, म्हणून मूळ व्हिडिओ पुसून टाकण्यास. फोनमध्यें जागा नेहमींच कमी असते, हें आम्हांस ठाऊक आहे.

नव्या पेटीवर गाणारणींचीं नांवें (त्यांची संमति असल्यास), दिवस, गांव व मूळ कोठें ठेविलें आहे एवढें लिहिण्याची सोयही त्याच साधनांत आहे, आणि त्यासाठीं ध्वनीच्या एकाही बिटास हात लावावा लागत नाहीं. आमच्या हातीं आलेल्या बहुतेक फाइलींवर मात्र एक अनुक्रमांक तेवढा असतो.