बीज : राखावे की वाढावे?

मराठीत ‘बीज’ हा शब्द दोन वाटांनी आला आहे. भाऊबीज व तुकाराम बीज यांतील ‘बीज’ म्हणजे द्वितीया तिथी. तिचा धान्याच्या बीजाशी संबंध नाही. दुसरे बीज संस्कृतातील. शेतकऱ्याचे बियाणे, साधकाचा बीजमंत्र, भास्कराचार्यांचे बीजगणित ही सर्व त्याचीच रूपे होत. जे लहान व अव्यक्त असून ज्यात पुढील विस्तार सामावलेला असतो, ते बीज. छांदोग्य उपनिषदात उद्दालक ऋषी पुत्र श्वेतकेतूस वडाचे फळ व त्यातील सूक्ष्म बी फोडावयास सांगतात. पुत्रास आत काहीच दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या तत्त्वातूनच हा वटवृक्ष उभा आहे, असे पिता त्यास समजावतो.

परंतु बीजाचा विचार तत्त्वज्ञानापुरताच नाही. १९७२ सारख्या दुष्काळात शेतकऱ्याच्या घरी कठीण प्रश्न उभा राहतो. कणगीतील बियाणे भुकेल्या मुलांस शिजवून घालावे, की पेरणीसाठी राखावे? दोन्ही बाजूंस धर्मच आहे. म्हणूनच हे धर्मसंकट.

‘देणगी अन्नदानास द्यावी की कायम ठेवीस?’ असे भाविक आमच्या कार्यालयात विचारतात, तेव्हा तोच प्रश्न निराळ्या रूपाने समोर येतो. अन्नदानाची रक्कम पंगतीत खर्ची पडते. कायम ठेवीचे मुद्दल राहून केवळ व्याज उपयोगात येते. एक भाकरी, दुसरे बियाणे. आमच्या अल्पमतीनुसार दारी उभ्या भुकेल्याचा हक्क पहिला, कारण बियाणे राखावयाचे तेही कोणाच्या तरी भुकेसाठीच. मात्र सर्वच आज वाढून टाकले, तर पुढील वर्षीचा यात्रेकरू उपाशी परतेल. त्याचे मुख आपण पाहिलेले नसले, तरी तोही आपलाच आहे. म्हणून ज्यास शक्य आहे त्याने दोन्हीकडे थोडे थोडे द्यावे. राखणाऱ्या संस्थेनेही विसरू नये की, कणगीत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या बियाण्यास कीड लागते व त्याची उगवणशक्ती जाते. ठेव वाढविणे हे साधन होय, साध्य नव्हे.

घटस्थापनेस आपण घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरतो. अंकुर वर येतो, तेव्हा मूळ दाणा उरत नाही, आणि अंकुरावर पेरणाऱ्याचे नावही नसते. दसऱ्यास मात्र तेच अंकुर सर्वांच्या टोपीत खोवले जातात. आपले दान असे सर्वांचे होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

— सचिव, विश्वस्त मंडळ कार्यालय