पाणी मुक्कामाला आलं

अंधेरी पूर्वेला, सबवेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, तळ अधिक चार मजल्यांची एक जुनी सोसायटी आहे. बांधली तेव्हा रस्त्यावरून दोन पायऱ्या चढून आवारात यावं लागे. मग रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले, शेवटी काँक्रीट आलं, आणि आता एक पायरी उतरून आत यावं लागतं. इमारत जागची हललेली नाही, रस्ता तेवढा मोठा झाला. उपनगरांतल्या जुन्या इमारतींत राहणाऱ्यांना हे सांगायला नको.

तळमजल्यावर दोन बिऱ्हाडं. एकात पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर आणि त्यांची पत्नी. समोरच्या घरात आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या दिवशी या दोन्ही घरांत कमरेएवढं पाणी होतं. तेव्हा वरच्या मजल्यांनी दारं सताड उघडली. चौथ्या मजल्यावर खिचडी शिजली, दुसऱ्यावर गाद्या पसरल्या, मास्तरांची कागदपत्रं तिसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरींच्या पंख्याखाली वाळली. मोठ्या पुरात माणसं मोठ्या मनाने वागतात, हे मुंबईने त्या दिवशी ठिकठिकाणी पाहिलं. अडचण होते ती लहान पाण्याची. घोटाभर पाणी, तेही घाण, दर पावसाळ्यात आपल्याच घरात. त्यासाठी कोणी खिचडी लावत नाही.

मास्तरांना वाटे, पाणी दारातून येतं. म्हणून त्यांनी पेन्शनमधून उंबऱ्यावर दीड फुटी कठडा बांधला, त्याला वॉटरप्रूफिंगचा लेप दिला, खिडक्यांच्या फटी बुजवल्या. नातेवाईक आले की पाय उंच टाकून आत येत आणि हसत. पुढच्या पावसात दारातून थेंबही आला नाही. पाणी आलं मोरीतून. आणि कठडा एवढा पक्का होता की आत आलेलं पाणी बाहेर जाईना. मास्तर आणि त्यांची पत्नी दोघं रात्रभर बादल्यांनी आपल्याच घराची विहीर उपसत बसली.

मग मास्तरांनी मोरीच्या जाळीवर फडकी कोंबली, वर वीट ठेवली, विटेवर पाटा ठेवला. पाणी संडासातून आलं.

तेव्हा कुठे त्यांनी मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री कोकणातला, इमारतीचं प्लंबिंग वीस-पंचवीस वर्षं पाहणारा. त्याने आवारातल्या चेंबरचं झाकण उचललं आणि उकिडवं बसून सांगितलं, "मास्तर, पाण्याला दार लागत नाही. बाहेरच्या मॅनहोलात पाणी जितकं वर, तितकं ते पायपातून तुमच्याकडे वर येणार. आणि तुमची फरशी रस्त्याच्या खाली."

यात मिस्त्रीने सगळं शास्त्र सांगून टाकलं. मुंबईत पावसाच्या पाण्याच्या वाहिन्या वेगळ्या आणि मैल्याच्या वेगळ्या, निदान कागदावर. पण पावसाच्या जुन्या वाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. मुंबईच्या पावसाळी वाहिन्यांवरच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती क्षमता 50 वर नेण्याचा आराखडा दिला, समुद्राला भरती असताना पाणी बाहेर फेकायला आठ पंपिंग स्टेशनं सुचवली. त्यांपैकी सहा उभी राहिली. रखडलेल्या दोनांत माहुल आणि नेमका अंधेरीचा मोगरा. त्यामुळे जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की पाणी रस्त्यावर थांबतं. मग कोणीतरी समाजसेवा म्हणून पहार घालून मॅनहोलचं झाकण उचकटतो. पावसाचं पाणी मैल्याच्या वाहिनीत घुसतं, ती तुडुंब होते आणि तळमजल्यांच्या मोऱ्या उलट्या वाहू लागतात. उघड्या मॅनहोलने काय होतं तेही आपल्याला ठाऊक आहे. 29 ऑगस्ट 2017 ला डॉ. दीपक अमरापूरकर अशाच एका मॅनहोलमध्ये पडून गेले. तरी दर पावसात पहार निघतेच.

"उपाय काय?" मास्तरांनी विचारलं.

"झडप. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पाणी बाहेर जाऊ देते, आत येऊ देत नाही. पण इथं एक लफडं आहे. कुणीतरी पायपाचे पैसे वाचवायला वरच्या चारही मजल्यांची लाइन तुमच्या लाइनला जोडलीय. झडप मिटली की बाहेरचं पाणी बाहेर राहील. वरच्यांचं कुठं जाईल?"

खरा उपाय म्हणजे तळमजल्याची लाइन तोडून वेगळ्या चेंबरला न्यायची, झडप फक्त तिच्यावर बसवायची, आणि वरच्यांचा पाइप सरळ बाहेर काढायचा. त्याला आवार खणावं लागणार होतं आणि सोसायटीचा खर्च. मास्तर अर्ज घेऊन कमिटीपुढे गेले. सेक्रेटरी सज्जन माणूस, हिशेब चोख. ते म्हणाले, "मास्तर, मोरी तुमच्या घरातली. घरातल्या दुरुस्तीला सोसायटी कशी पैसे देणार?" मास्तरांनी आदर्श उपविधींचं पुस्तक पुढे केलं. ड्रेनेज लाइनची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चात येते, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. सेक्रेटरींनी चष्मा लावून वाचलं आणि दुरुस्ती निधीची पासबुकं दाखवली. हा निधी गोळा होतो इमारतीच्या मूळ बांधकाम खर्चाच्या पाऊण टक्क्याने. बांधकाम सत्तरच्या दशकातलं, त्या काळच्या रुपयांतलं. जो काही निधी साठला होता त्यातून गेल्या दिवाळीत जिन्याला ग्रॅनाइट लागलं होतं. जिना सगळ्यांना दिसतो. चेंबर कोणाला दिसतं?

मास्तर चिडले. स्वतःच्या पैशाने झडप आणली आणि मिस्त्रीला म्हणाले, "बसव. आधी बाहेरचं तर अडू दे." मिस्त्रीने मान हलवली, पण बसवली.

1 जुलै 2019 च्या रात्री पाऊस कोसळला. सकाळपर्यंत 24 तासांत सांताक्रूझला 375 मिलिमीटर. त्याच रात्री मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळून झोपलेली माणसं गेली, त्यापुढे या गोष्टीतलं नुकसान काहीच नाही, हे आधीच सांगून ठेवतो. झडप नियमाप्रमाणे खट्कन मिटली. रस्त्यावरचं गुडघाभर काळं पाणी बाहेर राहिलं. मास्तर मोरीपाशी टॉर्च धरून उभे होते. अर्धा तास मोरी कोरडी. त्यांनी पत्नीला हाक मारली, "बघ!"

आणि मोरीतून फेस वर आला. शाम्पूचा, चांगला सुवासिक. मागून चहाची पत्ती. मग भाताची शितं, कोणाच्या तरी मॅगीच्या शेवया, आणि त्यानंतर जे येणार होतं ते. समोर आजींच्या घरातही तेच, लाइन एकच ना. बाहेरून येणाऱ्या पाण्यात सगळ्या अंधेरीची घाण असे आणि तिला नाव नसे. या पाण्यात कोण काय जेवलं ते कळत होतं.

मास्तर जिने चढत दारं ठोठावत गेले. "पाणी सोडू नका! फ्लश करू नका!" पहिल्या मजल्याने ऐकलं. दुसऱ्याने ऐकलं आणि विसरला. चौथ्यावर कोणी दार उघडलं नाही. तिसऱ्यावर सेक्रेटरी झोपेतून उठून म्हणाले, "अहो मास्तर, संडासाला जायचं नाही असा ठराव कसा करणार?" मास्तर हताश होऊन खाली परतले.

आजींनी यातलं काही केलं नाही. त्यांनी सुनेला सांगितलं, उशा घे. मास्तरांना आणि त्यांच्या पत्नीलाही सोबत घेतलं, मुलाला आणि पोरांना उठवलं, आणि ही वरात तिसऱ्या मजल्यावर गेली. सेक्रेटरींच्या पत्नीने दार उघडलं. आजी म्हणाल्या, "बाळा, तुमचं पाणी आमच्याकडे मुक्कामाला आलंय. म्हणून आम्ही तुमच्याकडे आलो."

यावर कोण काय बोलणार? सात माणसं आत आली. वन बीएचकेचा हॉल भरून गेला.

दुसऱ्या दिवशी सरकारने सुट्टी जाहीर केली होती, म्हणजे सगळे घरीच. पहाटे आजींचा नातू संडासला गेला आणि फ्लशच्या बटणावर हात ठेवून बाहेर ओरडला, "आजी, हे पाणी आपल्याच घरात जाणार ना?" हॉलमध्ये सगळे गप्प. मग सेक्रेटरींच्या पत्नी उठल्या. पदर खोचला, मुलाला म्हणाल्या, "थांब रे," आणि स्वतः वर-खाली जाऊन चौथ्या, दुसऱ्या, पहिल्या मजल्यावरची सगळी दारं वाजवून आल्या. मास्तरांना जे जमलं नव्हतं ते त्यांना जमलं. कोणीतरी आपल्याच हॉलमध्ये आडवं पडलेलं असलं की दारं वाजवताना आवाजात वजन येतं. पाणी ओसरेपर्यंत, दुपारपर्यंत, चारही मजल्यांचे नळ बंद राहिले. भांडी बादलीत साठली. चौथ्या मजल्याने कुरकुर केली, पण केली ती हळू आवाजात.

सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेवर ड्रेनेजचा विषय पहिला होता. वर्गणी काढायची ठरली, सर्व मजल्यांना सारखी. एक सभासद म्हणाले की वरच्यांना याचा काय फायदा. सेक्रेटरींनी त्यांना विचारलं की पुढच्या पावसात सातजणांची सोय ते करतील का. प्रश्न मिटला. पुढच्या मे महिन्याआधी आवार खणून तळमजल्याची लाइन वेगळी झाली, मास्तरांची झडप तिच्यावर गेली, वरच्यांचा पाइप सुटा झाला. आता जास्तीचं पाणी आलं तर ते फार तर आवारातल्या चेंबरमधून उसळतं, कोणाच्या मोरीतून नाही. झडप मिटलेली असताना तळमजल्यावरच्यांना मात्र स्वतःचं पाणी सोडता येत नाही. मास्तर आणि आजी ते निमूट पाळतात. मास्तरांनी उंबऱ्यावरचा कठडा निम्मा तोडला.

अशा झडपेत केसांचा गुंता किंवा शाम्पूची पुडी अडकली तर ती पुरती मिटत नाही, आणि मग ती असून नसल्यासारखी. म्हणून दर वर्षी पावसाआधी चेंबर उघडून ती साफ करून घ्यायची, आणि काम होईपर्यंत मिस्त्रीजवळ कोणीतरी उभं राहायचं, असा नियम झाला. ही पाळी मजल्यांप्रमाणे फिरते आणि जिन्याच्या ग्रॅनाइटवर, नोटीस बोर्डाशेजारी, तिचा कागद लावलेला असतो. पहिली पाळी तिसऱ्या मजल्याने मागून घेतली.

तुमच्या इमारतीत तळमजल्याची लाइन वेगळी आहे की वरच्यांच्याच पायपाला जोडलेली, हे यंदा पाऊस सुरू व्हायच्या आत मिस्त्रीला चेंबर उघडायला लावून बघून घ्या. तुम्ही चौथ्या मजल्यावर राहत असाल, तर तुम्हीच आधी.