बालवर्गाचा प्रवेश आणि बाप्तिस्म्याचा दाखला

इंग्लंडमध्ये मूल चार वर्षांचे झाले की पुढच्या सप्टेंबरात ते शाळेच्या रिसेप्शन वर्गात, म्हणजे बालवर्गात जाते. त्यासाठी आईबापांना १५ जानेवारीपर्यंत कौन्सिलकडे अर्ज द्यावा लागतो. घराजवळची चांगली शाळा नेमकी कॅथलिक निघाली, तर आपल्या घरांत एक प्रश्न उभा राहतो.

अशा शाळेत जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिक मुलांना आधी घेतात, आणि त्याचा दाखला मागतात. जागा उरल्यास मात्र इतर धर्मांच्या मुलांना नाकारता येत नाही. म्हणजे यहुदी मुलासाठी अर्ज करण्यास आडकाठी नाही. फक्त त्याचा नंबर मागे लागतो. मग कोणी हितचिंतक सुचवितो, "डोक्यावर चार थेंब पाणी पडले तर काय बिघडले? मनाने आपण यहुदीच ना?"

ख्रिस्ती शाळेत मूल घालणे हे पाप खास नव्हे. मुंबईत रेव्हरंड जॉन विल्सन यांनी १८३२ साली बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. पण आपले पूर्वज हिब्रू शिकले आणि यहुदीच राहिले. ते शिकायला गेले ते आपण कोण हे न लपविता, ही गोष्ट मात्र विसरू नये.

चार थेंबांचे म्हणाल, तर कॅथलिकांच्या मते एकदा झालेला बाप्तिस्मा कधीच पुसला जात नाही. १८५८ साली इटलीतील बोलोन्या शहरात एडगार्डो मोर्तारा या सहा वर्षांच्या यहुदी मुलाला पोपच्या पोलिसांनी आईबापांपासून नेले, कारण घरच्या मोलकरणीने तो आजारी असताना त्याला गुपचूप बाप्तिस्मा दिला होता. पुढे तो पाद्री झाला. आज कोणी मूल उचलून नेणार नाही, हे खरे. परंतु जे दुसऱ्याला इतके पवित्र, त्याचे आपण रेशनकार्ड करावे काय? शाळेच्या जागेसाठी कोणी आपल्या मुलाची सुंता करवून घेतली, तर आपणास कसे वाटेल?

स्पेन-पोर्तुगालच्या यहुद्यांनी धर्म लपविला तेव्हा त्यांच्यापुढे मरण होते. आपल्यापुढे फक्त दुसऱ्या पसंतीची शाळा आहे. आणि आपण तर ते लोक, ज्यांनी इस्राएलमध्ये लढा देऊन १९६४ साली क्नेसेटकडून आपले यहुदीपण मान्य करून घेतले!

शिवाय हे खोटे निभवायचे कोणी? चार वर्षांच्या पोराने. शुक्रवारी आई बत्त्या लावते, हे ते वर्गात सांगणारच. मग त्याला गप्प बसायला शिकवावे लागेल, आणि शाळेतला पहिला धडा तोच होईल.

म्हणून अर्ज अवश्य करावा, पण खरा करावा. प्रवेश मिळाला तर धर्मशिक्षणातून व प्रार्थनेतून मुलाला बाहेर ठेवण्याचा हक्क आईबापांना कायद्याने आहे. तो वापरायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र रात्री निजताना शेमा आणि शब्बाथचा किद्दूश घरी चुकू देऊ नये. प्रवेश न मिळाला तर कौन्सिलच्या शाळेत घालावे. तेथेही मुले शिकतात, मोठी होतात.