एक दगड, दोन जमिनी

पोलादपूरच्या डोंगरउतारावरच्या चिमूटभर तांबड्या मातीवर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाकले तर काहीच घडत नाही, थेंब मुकाट मुरतात. पूर्वेला सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरवर माणदेशातलं म्हसवड आहे. तिथल्या माळावरच्या राखी मातीवर तेच थेंब टाकले की ती फसफसते. पहिल्या मातीत चुना उरलेला नाही, दुसरीत तो ठासून भरलेला आहे. माणदेशातल्या शेतकऱ्याला हे कळायला आम्लाची गरज नसते. नांगराच्या फाळाला पांढरे खडे लागतात, विहीर खणताना चुनखडीचा थर फोडावा लागतो, आणि ओढ्याच्या दरडीत तोच थर उघडा दिसतो.

चुनखडीची माती म्हटलं की तिच्याखाली चुनखडक असणार असं आपण धरून चालतो. जगातल्या पुष्कळ कोरड्या कुरणांच्या खोऱ्यांत ते खरंही आहे. तिथले डोंगरच जुन्या समुद्रतळाच्या चुनखडकाचे असतात आणि त्यांचा गाळ खाली उतरून माती होते. महाराष्ट्रात असा खडक वणी-कोरपन्याच्या बाजूला आहे, म्हणून तर सिमेंटचे कारखाने तिकडे गेले. माणदेशात मात्र चुनखडक नाही. तिथला चुना काळ्या बसाल्टातून आला आहे आणि तो बसाल्ट महाड-पोलादपूरच्या डोंगरांचाच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पसरलेले आहेत. या दगडाच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा कॅल्शियम ऑक्साइडचा असतो. दगड कुजतो तेव्हा हे कॅल्शियम सुटं होतं. पुढे त्याचं काय होणार हे दगडाच्या हातात नसतं, ते पाणी ठरवतं.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, खाली महाडलाही तीन हजारांच्या पुढे. हवेतला आणि मुळांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड विरघळून हे पाणी किंचित आम्ल होतं, दगडातलं कॅल्शियम, सोडियम, पोटॅश धुऊन काढतं आणि सावित्रीतून बाणकोटच्या खाडीला नेऊन सोडतं. मागे उरतात लोखंड आणि अॅल्युमिनियम. तोच तांबडा जांभा, तीच आंबट माती. घाट ओलांडला की पाऊस झपाट्यानं उतरतो आणि माण तालुक्यात पोचेपर्यंत जेमतेम पाचशे मिलिमीटर राहतो. तिथे पाणी दोन-चार फूट जमिनीत जातं आणि उन्हाच्या ओढीनं उलटं वर येऊन उडून जातं. समुद्रापर्यंत जाण्याइतकं बळ त्याच्यात नसतं. त्यानं उचललेलं कॅल्शियम वाटेतच, मातीच्या पोटात, चुन्याचे खडे होऊन बसतं.

जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा आणि सावित्री या दोन्ही नद्या एकाच गोमुखातून निघतात अशी श्रद्धा आहे. सावित्री पश्चिमेला उतरते, कृष्णा पूर्वेला. डोंगरमाथ्याच्या थोड्याशा उतारावरून ठरतं की पाणी कुठल्या बाजूला जाईल. मला या देवळाचा विचार वारंवार करावासा वाटतो, कारण भूगोलाच्या पुस्तकात पाणलोटाची रेषा म्हणून जी आखलेली असते तिचा अर्थ तिथे डोळ्यांना दिसतो.

दोन्ही जमिनींची दुखणी एकमेकींच्या उलट आहेत. कोकणच्या मातीत लोखंड मुबलक, पण ते स्फुरदाला धरून ठेवतं, पिकाला मिळू देत नाही. माणदेशच्या मातीत लोखंड आहे, पण चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. मग उसाची, भुईमुगाची पानं पिवळी-पांढरी पडतात आणि शेतकरी म्हणतो, केवडा पडला. जमिनीत असणं आणि पिकाला मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतकऱ्यांनी यावर आपापले उपाय शोधले. पोलादपूरकडे रोपाच्या जागेवर पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून राब भाजतात. त्यामागे तण जाळण्याचा हेतू आहेच, पण राखेतून पावसानं नेलेला पोटॅश आणि चुना थोडासा परत मिळतो, आंबटपणा उतरतो. कोकणात बांधकामाला आणि विड्याला लागणारा चुना खाडीतल्या शिंपल्या भाजून काढत. डोंगरानं समुद्राला दिलेलं कॅल्शियम शिंपल्यांनी गोळा केलं, माणसानं ते पुन्हा डोंगरापाशी आणलं. देशावर मात्र जमिनीतलेच खडे भट्टीत घातले की काम भागे. माणदेश-फलटणचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरतात, कोकणच्या खाचरांत ती बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घेतात आणि पावसाआधी वर जातात. दोन्ही जमिनी एकमेकींना लागतात हे त्यांच्या पायांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

शास्त्राला हे कळायला वेळ लागला. माती म्हणजे दगडाचा चुरा, जसा दगड तशी माती, असंच दीर्घकाळ मानलं जाई. रशियात दोकुचायेव या भूशास्त्रज्ञानं काळ्या मातीच्या विस्तीर्ण पट्ट्याचा अभ्यास करून 1883 मध्ये मांडलं की माती जागेवर घडते. हवामान, वनस्पती, उतार आणि काळ मिळून तिला घडवतात, दगड हा त्यातला एक घटक. 1941 मध्ये अमेरिकेत हान्स येनी यांनी त्याची रीतसर मांडणी केली. सह्याद्रीची दोन अंगं हा या सिद्धांताचा जिवंत पुरावा आहे, आणि तो आपल्या एसटीच्या खिडकीतून दिसतो.

पाणी मातीचं काय करतं हे पाहिलं; ते कुणाला मिळतं हे पाहायला इथे मला महाडच्या चवदार तळ्याकडे वळायचं आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळानं 1923 मध्ये मंजूर केला आणि महाड नगरपालिकेनं 1924 मध्ये हे तळं खुलं असल्याचं ठरवलं. कागदावर मिळालेलं पाणी ओंजळीत यायला 20 मार्च 1927 उजाडावं लागलं. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं तळ्यावर गेली, पाणी प्याली, आणि परतताना त्यांच्यावर हल्ले झाले. नंतर पंचगव्य ओतून तळ्याचं ‘शुद्धीकरण’ करण्यात आलं. नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं, आणि 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की अस्पृश्यांना वगळण्याची प्रथा अनादी काळापासून चालत आली आहे हे सिद्ध झालेलं नाही.

न्यायालयाच्या त्या निर्णयात मला मोठा अर्थ दिसतो. ‘हे पहिल्यापासून असंच आहे’ हा दावा पुराव्यावर टिकला नाही. पण मातीवरून माणसांबद्दल निष्कर्ष काढायचा मोह मी आवरणार आहे. निसर्गाचे दाखले देऊन माणसांची उतरंड उभी करणाऱ्यांनी आपलं फार नुकसान केलं आहे. त्यांना उत्तर देताना त्यांचीच रीत उचलणं मला मान्य नाही. माणसाचा पाण्यावरचा हक्क मातीच्या साक्षीवर अवलंबून नाही. बसाल्टाच्या पोटातून दोन जमिनी निघाल्या नसत्या तरी तो हक्क होताच. माती एवढंच करते: उगमावरून लायकी ठरते असं सांगताना जे निसर्गाला साक्षीला बोलावत होते, त्यांचा तो साक्षीदार काढून घेते.

तरीही पाण्याचा धडा एकेरी नाही. धो-धो पाऊस चुना नेतो, त्यासोबत खाली कुजलेल्या दगडाचा जाड, चिकणा, सैल थर ठेवून जातो. 2005 च्या जुलैमध्ये महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर असेच थर पाण्यानं फुगून कोसळले. 22 जुलै 2021 ला त्याच तालुक्यातलं तळिये तसंच दरडीखाली गेलं. 80 हून अधिक माणसं दगावली. उतारावर घर बांधण्यावाचून ज्यांना दुसरी जागा नव्हती, त्यांच्याच वाट्याला हे आलं, हे विसरून मातीबद्दल लिहिता येत नाही.

घाटाच्या पलीकडे आता माणूस स्वतःच पाऊस हलवू लागला आहे. टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी उपसून आटपाडी, सांगोल्याकडे नेलं जातं. जिहे-कठापूर योजनेनं माण-खटावकडे. चुनखडीच्या जमिनीला पाणी देणं जोखमीचं काम असतं. कॅल्शियम चुन्यात अडकत गेलं की मातीच्या कणांवर सोडियमचा वाटा वाढतो, कण फुटतात, पाणी झिरपेनासं होतं, आणि निचरा नसेल तर जमीन चोपण होते. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या काळ्या जमिनींत ही प्रक्रिया बारकाईनं दाखवून दिली आहे. कृष्णाकाठच्या सांगली जिल्ह्यानं अतिपाण्यानं वाया गेलेली जमीन पाहिलीच आहे. म्हणून पाणी कमी आणि बेतानं देणं हे माणदेशच्या मातीचंच मागणं आहे.

तेच मागणं माणसांनीही केलं. 1993 साली आटपाडीत पहिली पाणी परिषद भरली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकारानं दुष्काळी तालुके एकत्र आले. त्यांनी नुसतं ‘पाणी द्या’ म्हटलं नाही. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त हा नियम त्यांनी नाकारला आणि समन्यायी वाटप मागितलं: पाणी माणशी, कुटुंबामागे, भूमिहीनालासुद्धा. खानापूर तालुक्यात येरळेवर लोकांनी उभारलेल्या बळीराजा धरणात त्याआधीच असा वाटा मान्य झालेला होता. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही त्यानं पाण्याचं काय करायचं, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. कसायला जमीन खंडानं घेता येते, जनावर पाळता येतं, आपला वाटा दुसऱ्याच्या शेताला देऊन पिकाचा हिस्सा मागता येतो. आणि हिस्सा मागायला जाताना तो माणूस हात पसरून जात नाही, पाणी घेऊन जातो.