गिळलेली तार आणि कर्माचा प्रश्न

आटपाडीच्या माणदेशी मुलखात खिल्लार जनावराला घरच्या माणसाइतकी किंमत असून खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत त्याचा मोठा बाजार भरतो. अशा मुलखातील गाय चाऱ्यासोबत तार गिळून आजारी पडली आणि धनी ‘जनावराचा भोग’ म्हणून गप्प बसला, तर त्या एका शब्दात कर्मसिद्धान्ताचे अवघड कोडे येते.

गाय चारा फारसा न चावता गिळते व मागाहून रवंथ करते, त्यामुळे तार किंवा खिळा तोंडातच वेगळा पडत नाही. जड धातू पोटाच्या चार कप्प्यांपैकी दुसऱ्या, जाळीदार कप्प्यात जाऊन बसतो, आणि तो कप्पा आकुंचन पावताना अणकुचीदार टोक भिंत भेदून हृदयावरणाकडे किंवा यकृताकडे सरकते व सोबत जंतू नेते. अशाने यकृतात पू साठून गळू होऊ शकते. माणसातही गिळलेला माशाचा काटा जठर भेदून बहुधा यकृताच्या डाव्या खंडात शिरतो, आणि अशा अनेक रुग्णांना काटा गिळल्याचे आठवतही नाही.

आठवत नसलेल्या कारणाची शिक्षा न्याय्य ठरते काय, हे महाभारताच्या आदिपर्वातील मांडव्य ऋषींनी साक्षात धर्मालाच विचारले. चोरीच्या खोट्या आळापायी सुळावर चढवलेल्या या ऋषींच्या देहातून सूळ निघेना, म्हणून तो कापावा लागला आणि आतला तुकडा तसाच राहिला. लहानपणी कीटकांना गवताची काडी टोचल्याचे हे फळ, असे धर्माने सांगताच त्यांनी धर्मालाच शाप दिला आणि चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याला पाप न मानण्याची मर्यादा घातली. या कथेचे मोठेपण असे, की तीत कर्मफळ नाकारलेले नाही, पण फळ देणाऱ्यालाही जाब विचारला आहे. गाईला तर हा जाब विचारण्यापुरती वाणीही नाही. म्हणून तिच्या यातनेचा हिशेब तिच्याच मागील जन्मावर टाकणे हा अन्यायच होय.

आटपाडी ज्या सांगली जिल्ह्यात येते, तिथे शेती करणारा दिगंबर जैन समाज ज्या परंपरेचा आहे, तिने या प्रश्नाला दुसरीकडून हात घातला. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, अंतर्भूत आहे. त्यामुळे ‘मारण्याचा हेतू नव्हता’ एवढ्याने तार टाकणारा सुटत नाही. मुनींसाठी सांगितलेल्या पाच समितींत, म्हणजे सावध आचरणाच्या नियमांत, वस्तू उचलताना व ठेवताना जपावे असा एक नियम आहे, आणि टाकून द्यायचे ते जीवजंतू नसलेल्या जागी टाकावे असा दुसरा. गोठ्यालगत तारेचा तुकडा भिरकावणाऱ्या गृहस्थानेही हे दोन नियम स्वतःला लावून पाहावेत.