वाटेवरचें ऋण

बोरघाटांतून पुण्याकडे येणाऱ्या जुन्या प्रवाशाची नजर खंडाळ्याजवळ आजही क्षणभर वर जाते आणि रिकामी परत येते. सन १८३० सालीं बांधलेला दगडी कमानींचा एक पूल तेथें उभा होता. त्यावरील एका वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीमुळें लोक त्यास अमृतांजन पूल म्हणत. द्रुतगति महामार्ग झाला, तेव्हां तो या पुलाच्या कमानींखालून नेण्यांत आला. पुलाच्या खांबांनीं रस्ता आवळला जाई आणि अपघात होत. अखेर एप्रिल २०२० मध्यें, महामारीमुळें रहदारी थांबली असतां, सुरुंग लावून तो पाडण्यांत आला.

हें योग्य झालें कीं अयोग्य? जुन्याचा अभिमानी हळहळतो. व्यवहारी मनुष्य विचारतो, दगडांसाठीं माणसें मरूं द्यावयाचीं काय? प्रश्न अशा रीतीनें मांडला म्हणजे त्याचें उत्तर एकच असूं शकतें, आणि आम्हीही तेंच देऊं. ज्या खांबावर आदळून एखाद्या घरचा कर्ता मनुष्य जातो, त्या खांबाचें वय कितीही असो, त्याचा कैवार घेण्यास आमची जीभ रेटत नाहीं. परंतु ‘माणूस कीं दगड’ हा पेंच मुळांत घातला कोणीं? पुलानें नव्हे. तो आपल्या जागीं उभा होता. रस्ता त्याच्याकडे आला. हा महामार्ग २००२ सालीं पुरा झाला. त्याची आंखणी कागदावर होती, तेव्हांच पुलास दीडशेंहून अधिक वर्षें होऊन गेलीं होतीं. निवड करण्याची खरी वेळ ती. एकदां रेघ ठरली, म्हणजे मागाहून उरतें तें एवढेंच, कीं कोणती हानि पत्करावयाची.

आणि तरीही हा पूल भाग्यवानच म्हटला पाहिजे. त्याचा नाश कोणीं तरी ठरविला, त्याचीं कारणें सांगितलीं, आणि तो गेल्याचें चार लोकांना वाईट वाटलें. मार्गांवरील बहुतेक जुन्या वस्तूंच्या नशिबीं एवढाही मान नसतो. मुंबईंत सेंट थॉमस चर्चपासूनचें अंतर दाखविण्यासाठीं एकोणिसाव्या शतकांत मैलाचे दगड बसविले होते. ते कोणीं फोडले नाहींत. रस्त्याची डागडुजी होत गेली, थरावर थर चढला, पदपथ उंच झाले, आणि त्यांतले कित्येक हळूहळू मानेपर्यंत जमिनींत गेले. अलीकडे महापालिकेनें त्यांपैकीं कांहीं उकरून वर काढले. ज्यांनीं त्यांवर डांबर टाकलें ते आपलें काम इमानें करीत होते. यांत कोणाचेंच पाप नव्हतें, असें म्हणतां येईल. परंतु आमच्या मतें हाच प्रकार अधिक भयंकर आहे. जेथें कोणी अपराधी नाहीं, तेथें कोणाला पश्चात्तापही होत नाहीं, आणि तीच गोष्ट उद्यां पुन्हां घडते.

आतां कोणी विचारील, अशा फुटकळ वस्तूंचा आपल्यावर हक्क तरी कोणता? देवळाला भक्त असतो, किल्ल्याला अभिमानी असतो. वाटेवरच्या बारवेला किंवा धर्मशाळेला कोण असतो? तिचा उपयोग करणारा पाणी पिऊन पुढें निघून जातो. पण तिचें मोल याच गोष्टींत आहे. कोंकणांतून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटांत सातवाहनांचा दोन हजार वर्षांपूर्वींचा लेख आहे, आणि खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टांकींही आहेत. विद्वान् लेखासाठीं जातात. तहानलेल्याला टांकें आधीं दिसतें. अहिल्याबाई होळकरांनीं आपल्या राज्याच्या सीमेबाहेरही तीर्थांच्या ठिकाणीं विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधविल्या. ज्यांचें तोंडही कधीं दिसणार नाहीं अशांसाठीं केलेलें हें काम होय. त्या अनोळखी लोकांत आपणही आहों. आपल्याकडे पितृऋण सांगितलें आहे. तें पितरांस परत करतां येत नाहीं, पुढच्यांस देऊनच फेडावें लागतें. वाटेवरचें ऋण याच जातीचें आहे.

म्हणजे सर्वच राखावें काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. जो रस्ता कधीं बदलत नाहीं तो लवकरच ओस पडतो. आमचें मागणें लहान आहे : जें जाईल तें कोणीं तरी पाहून, ठरवून जावें. सन १९५८ च्या कायद्यानें राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांस संरक्षण दिलें, आणि २०१० च्या दुरुस्तीनें त्यांच्याभोवतीं शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई केली. परंतु कायदा यादींतल्या वस्तूलाच ओळखतो. शेताच्या बांधावरची वीरगळ, चिंचेखालची बारव, पडकी धर्मशाळा यांचें नांव कोणत्या यादींत असतें? म्हणून आंखणीच्या आधीं कोणीं तरी त्या वाटेनें पायीं चालावें. गांवच्या शिक्षकास, म्हाताऱ्या गुराख्यास, रस्त्यावरच्या मैलकुलीस विचारावें. आणि जें आहे तें लिहून काढावें. रेघ थोडी वळवितां आली तर वळवावी. न आली, तर दगड जपून हलवावा आणि मूळ जागा नोंदवावी. हलविणेंही शक्य नसेल, तर मापें व छायाचित्रें घेऊन, कारण सांगून, मग हातोडा उचलावा.

रेघ वळूं शकते, हें आपण पाहिलें आहे. सांगली जिल्ह्यांतील भोसे येथील सुमारें चारशें वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड महामार्गाच्या वाटेंत आला होता. २०२० सालीं लोक त्याच्या बाजूनें उभे राहिले आणि आराखडा बदलला. पुढें २०२२ सालीं तो वड उन्मळून पडला. त्यावरून, वांचविण्याचा खटाटोप व्यर्थ होता असें कोणी म्हणेल. आम्हांला त्यांतून निराळें दिसतें : मार्ग वळविल्यानें कर्तव्य संपत नाहीं, तेथून तें सुरू होतें. मुळांभोवतींची माती आणि कमानींतले सांधे दरवर्षीं पाहावे लागतात.

आपल्यापैकीं बहुतेकांना रस्ते आंखावयाचे नाहींत. पण आपण रोज कोणत्या तरी रस्त्यानें जातों. त्याच्या कडेला काय आहे, हें आपल्या घरांतील मुलांस सांगतां येईल काय? ज्याचें नांव कोणाला ठाऊक नाहीं, त्याच्या बाजूनें कोणीही उभें राहत नाहीं.